पंचेचाळीस अंशांचं अंतर

कॉलम भरायच्या आदल्या संध्याकाळी मी साइटवर जातो तेव्हा हातात टेप आणि खिशात खडू असतो. शटरची पेटी, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, बंद होण्याआधी जे बघायचं ते बघून घ्यायचं. एकदा काँक्रीट पडलं की आतलं काही पुन्हा दिसत नाही. दिसलंच, तर इमारत कोसळल्यावर दिसतं.

काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली संध्याकाळ. वाघोलीच्या पलीकडं तीन मजल्यांची साधी इमारत, अठरा कॉलम. पहिल्या कॉलमपाशी उकिडवा बसलो आणि रिंगेचा आकडा, म्हणजे तिचं वळवलेलं टोक, पाहिला. काटकोनात वळवलेला होता. वरची रिंग तशीच, तिच्या वरचीही तशीच. खडूनं खुणा करत मी एकेक कॉलम बघत गेलो. शेवटच्या कॉलमपर्यंत खडू संपला, पण बरोबर वळवलेली रिंग एकही सापडली नाही.

ज्यांचा बांधकामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. कॉलममध्ये उभ्या सळ्या असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर कवटाळून बसलेल्या बारीक सळईच्या चौकोनी रिंगा असतात. रिंगेची दोन टोकं एका कोपऱ्यात भेटतात. ही टोकं एकशे पस्तीस अंशांत वळवून कॉलमच्या पोटात घुसवायची असतात, निदान पासष्ट मिलिमीटर. काटकोनात वळवली तर ती पोटात न जाता कडेकडेनं, बाहेरच्या पापुद्र्याखाली पडून राहतात. रोजच्या वजनाला एवढ्यानं काही होत नाही. भूकंपात मात्र सगळ्यात आधी हा बाहेरचा पापुद्रा सुटतो. तो सुटला की टोकं मोकळी होतात, रिंग उघडते, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम पोटातून फुटतो. नव्वद आणि एकशे पस्तीस यांत पंचेचाळीस अंशांचं अंतर आहे. फिटरच्या, म्हणजे सळ्या वळवून बांधणाऱ्याच्या, हातातली चावी जराशी आणखी फिरली की ते भरून निघतं.

फिटर मालदा जिल्ह्यातला, चाळिशीचा. हात इतका चपळ, की तो तार बांधताना बघत राहावं. मी खुणा दाखवल्या. तो म्हणाला, "बीस साल से ऐसे ही बांध रहा हूँ, साहब." मी काम थांबवलं. रात्री हॅलोजन लावून त्याच्या टोळीनं पावणेपाचशेच्या आसपास रिंगा पुन्हा वळवल्या. ठेकेदार चिडला, कॉलम एक दिवस उशिरा भरले, आणि त्या रात्रीच्या कामाचे पैसे त्या माणसांना कुणी दिले नाहीत. फिटरला टनावर पैसे मिळतात. रिंग नव्वद अंशांत असो की एकशे पस्तीस अंशांत, वजन तेवढंच.

दोन महिन्यांनी शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका साइटवर काही कामानं गेलो. तीच टोळी होती. रिंगा पुन्हा काटकोनात. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "यहाँ किसी ने बोला नहीं."

तो खोटं बोलत नव्हता. हे उत्तर मला फार दिवस छळत राहिलं. मी त्याला हुकूम दिला होता आणि त्यानं तो पाळला होता. हुकूम संपला, तशी गोष्ट संपली. कारण मी दिलंच नव्हतं.

माझे वडील गवंडी. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. औसा तालुक्यातलं आमचं गाव किल्लारीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. १९९३ साली मी अकरा वर्षांचा होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली होती, दमून झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. तो आवाज मला अजून सांगता येत नाही. आईनं मला उचललं की ओढलं, तेही आठवत नाही. एवढं आठवतं, की अंगणात उभा होतो आणि तोंडात माती होती.

आमच्या गावात फार माणसं गेली नाहीत. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या बाजूनं जे घडलं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आठ हजारांच्या आसपास माणसं. आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या इतर माणसांसोबत तिकडं गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. आल्यावर हातातल्या थापीकडं कितीतरी वेळ बघत बसले होते, असं आई सांगते. त्या गावांमध्ये त्यांनी बांधलेली घरं होती.

मराठवाड्यातलं जुनं घर कसं असायचं, ते सांगायला हवं. आत लाकडाचे खांब, त्यावर तुळया, वर कडीपाट. घर खणांत मोजायचं. कडीपाटावर मातीचं माळवद, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून. दरवर्षी पावसाआधी वर आणखी माती पडायची, आणि दोन-तीन पिढ्यांत तो थर दोन-दोन फूट व्हायचा. भोवतीनं दगडी भिंत, दोन ते तीन फूट रुंद. भिंत रुंद म्हणजे घर मजबूत, असा सगळ्यांचा समज. पण ती एक भिंत नव्हती. आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मधल्या पोकळीत दगडांच्या कपच्या आणि चिखल. दोन्ही थर एकमेकांना टेकून उभे असायचे, गुंतलेले नसायचे. जमीन हलली तसा एक थर आत पडला, एक बाहेर. कितीतरी ठिकाणी लाकडाचा सांगाडा जागच्या जागी उभा होता आणि भिंतीखाली माणसं गेली होती.

आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवायचा उपाय साधा आहे. थोड्याथोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाईल असा एक लांब दगड घालायचा. वाड्यांच्या, बुरुजांच्या जुन्या बांधणीत असे दगड दिसतात. आप्पांना ते ठाऊक होतं. त्यांच्या आज्यानं त्यांना दाखवलं होतं. पण लांब दगड काढायला वडार जास्त पैसे घ्यायचा, तो घडवायला वेळ लागायचा, आणि घरमालक म्हणायचा, कशाला, भिंत काय कमी रुंद हाय का? हळूहळू तो दगड गेला. आप्पांच्या पिढीनं बांधलेल्या भिंतींत तो जवळपास नव्हताच. पुढं बऱ्याच वर्षांनी एकदा ते मला म्हणाले होते, "मला ठाऊक होतं रे. ठाऊक असून मी घातला न्हाई." त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही.

भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग तेव्हा पहिल्या झोनमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, तिथं लहान धक्के बसले होते, गावकरी रात्री बाहेर झोपायचे. तरी नकाशा नकाशाच राहिला. २००२ साली तो बदलला, पहिला झोन काढूनच टाकला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात गेला. आणखी एक गोष्ट मला नंतर, डिप्लोमा करताना कळली. रिंगेचा आकडा एकशे पस्तीस अंशांत हवा असं सांगणारं आपल्याकडचं मानक, आय.एस. १३९२०, त्याच १९९३ सालातलं. मातीच्या आणि कच्च्या दगडी घरांसाठीची मानकंही त्याच सालातली. कागदावर सगळं लिहिलं गेलं होतं. ते इंग्रजीत होतं, आणि आप्पा सातवी शिकलेले.

भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला बोलायचंय ते दुसऱ्या कामाबद्दल, कारण ते आमच्या दारात झालं. ज्यांची घरं पडली नव्हती, तडकली होती, अशी दोन लाखांच्या आसपास घरं होती. ती जागच्या जागी दुरुस्त करायची, बळकट करायची, आणि ते काम घरमालकानं स्वतः करून घ्यायचं, पैसे हप्त्यानं मिळतील, असं ठरलं. त्यासाठी गावोगाव ज्युनिअर इंजिनिअर आले. आमच्या गावात आलेला पोरगा विशीतला, मिशीही नीट न फुटलेला. त्यानं आमच्या भिंतीतले दोन-तीन दगड हलक्या हातानं काढायला लावले, आरपार भोक पाडलं, त्यात दोन्हीकडं आकडा वळवलेली सळई ठेवली आणि काँक्रीट भरलं. आप्पा बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "हा तर आरपारचा दगडच की." पोरगा हसला. म्हणाला, "व्हय आप्पा, तोच. फक्त मागनं घातलेला."

त्या दिवसापासून आप्पा पुन्हा कामाला लागले. माळवदावरची माती उतरवायची, खांब आणि तुळईच्या कोनात तिरप्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या, भिंतीत हे काँक्रीटचे टाके घालायचे. आसपासच्या सहा-सात गावांत त्यांनी हे काम केलं. त्यांचा सगळ्यात चांगला काळ तो, असं मला वाटतं. कारण पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना "असं कर" म्हणण्याआधी "असं का करायचं" ते सांगितलं होतं.

त्याच कामात बायकाही होत्या. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेकडं लोकसहभागाचं काम होतं आणि त्यांनी गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या. घरोघर जाऊन काय मिळणार, काम कसं होणार, ते त्या समजावून सांगायच्या. आमच्या गल्लीतली एक काकू पदर खोचून भिंतीला हात लावून बघायची, ओली आहे का, म्हणजे नव्या कामाला पाणी मारलंय का. ओली नसेल तर घरमालकाला तिथंच सुनवायची. २००१ च्या जानेवारीत भूज हललं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशा बायका गुजरातेत तिथल्या बायकांशी बोलायला गेल्या होत्या. आज पुण्यातल्या कुठल्याही साइटवर बाई दिसते ती डोक्यावर घमेलं घेतलेली. वीस वर्षं घमेलं वाहते आणि बिगारी म्हणूनच थांबते. तिचा मुलगा चार वर्षांत थापी धरतो. हे मला पटत नाही. ओली भिंत ओळखणारा हात तिच्याकडं आधीपासून आहे.

पण या दुरुस्तीच्या कामाचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. लोकांच्या मनात दगडाची भीती बसली ती बसलीच. दुरुस्त केलेल्या घरात राहायला माणसं तयार नव्हती. ज्याच्याकडं चार पैसे आले त्यानं स्लॅबचं घर बांधलं. दगड वाईट, माती वाईट, सिमेंट चांगलं. गवंड्यांनीही दगड सोडला. आप्पांनी वयाच्या पंचेचाळिशीत काँक्रीट धरलं. ते शिकले कुणाकडून? औशात एका ठेकेदाराच्या हाताखाली दोन स्लॅब बघितले, तेवढंच शिक्षण. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी, आणि पाणी वाहेल इतकं. दगडी भिंतीत आरपारचा दगड गाळून जी चूक झाली होती, तीच आता काँक्रीटमध्ये होऊ लागली. दोन्हींत दोष पोटातला. बाहेरून गुळगुळीत गिलावा.

म्हणून भूकंप न होताही इमारती पडतात. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला २०१३ च्या एप्रिलमध्ये अवघ्या काही आठवड्यांत उभे केलेले सात मजले कोसळले, चौऱ्याहत्तर माणसं गेली. महाडला २०२० च्या ऑगस्टमध्ये पाच मजली इमारत पडली, सोळा गेली. अशा वेळी बिल्डर, अभियंता, नगरपालिका यांची नावं निघतात, निघायलाच हवीत. पण माझं मन प्रत्येक वेळी एका प्रश्नापाशी अडकतं. त्या काँक्रीटमध्ये पाणी कुणी ओतलं, आणि किती ओतायचं हे त्याला कुणी कधी सांगितलं होतं का?

पाण्याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण छोट्या बांधकामांची निम्मी दुखणी मला पाण्यात दिसतात. पन्नास किलोच्या गोणीला साधारण काँक्रीटसाठी फार तर तीस लिटर पाणी. पंधरा लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी, कारण वाळूतलं पाणीही मोजायचं असतं. सिमेंटला आपलं काम करायला याहूनही कमी पाणी लागतं. जास्तीचं पाणी नुसतं जागा धरून बसतं आणि सुकून गेलं की तिथं छिद्र राहतं. मिक्सरवरचा पोरगा तीन बादल्या टाकतो, कधी वर पाइपही लावतो. तो आळशी असतो म्हणून नाही. घट्ट माल डोक्यावरून न्यायला जड, ओतायला जड, सळ्यांच्या जाळीतून खाली जात नाही, आणि माल हलवून खाली बसवणारा व्हायब्रेटर एक तर नसतो नाहीतर बंद पडलेला असतो. पातळ माल आपोआप पसरतो. स्लॅब संध्याकाळच्या आत संपवायचा असतो, कारण पैसे चौरस फुटावर. हल्ली तयार काँक्रीटचा ट्रक येतो, पण ट्रकमध्येही साइटवर पाइप घालणारे मी पाहिलेत.

एकदा मी एक प्रयोग केला. मिक्सरवरच्या दोन पोरांना सांगितलं, एक माल मी सांगतो तसा करा आणि एक तुम्ही नेहमी करता तसा. दोन्हींचे सहा इंची ठोकळे भरले, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवले आणि पोरांना सोबत घेऊन प्रयोगशाळेत गेलो. त्यांची एक दिवसाची मजुरी मी दिली. आजवर त्यांच्या हातून हजारो गोण्या गेल्या होत्या, पण ठोकळा फुटताना त्यांनी पाहिला नव्हता. मशीनचा काटा चढत गेला. मापाच्या पाण्याचा ठोकळा पंचेचाळीस टनांच्या पुढं गेला, मग कर्रकन आवाज झाला. नेहमीचा ठोकळा सत्तावीस टनांवरच बसला. दोघंही गप्प. थोरल्यानं फुटलेल्या ठोकळ्यातला तुकडा उचलला, बोटानं चुरडला. त्याची पावडर झाली. परतीच्या बसमध्ये तो मला म्हणाला, "आमच्या घराचा स्लॅब मीच टाकलाय, सर. नांदेडला." एवढंच म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

मिक्सरमधलं पाणी जास्त होतं आणि नंतरचं पाणी कमी पडतं. स्लॅब टाकला की आळी करून त्यात पाणी उभं ठेवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, हल्ली सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला निदान दहा. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं बहुतेकांना वाटतं, शिकलेल्यांनाही. ते ओलं राहून घट्ट होतं. पण हे ओलेपण कुणाच्या रेटमध्ये धरलेलं नसतं. स्लॅबवाला स्लॅब टाकून पुढच्या साइटवर जातो, सेंट्रिंगवाल्याचं लक्ष प्लेटा लवकर काढून दुसरीकडं लावण्यावर, आणि पाणी मारायला उरतो वॉचमन.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, जलदूत. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. माणसं घागरी घेऊन रांगेत. त्याच उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाचं घर चालू होतं, लग्न ठरलं होतं म्हणून थांबवता येत नव्हतं. त्याचा फोन आला, "दादा, प्यायला पाणी न्हाई, स्लॅबला कुठून आणू?" मी गावी गेलो. धुण्याभांड्याचं पाणी घेऊ का, असं त्यानं विचारलं. साबण-सोड्याचं नको म्हटलं. शेवटी आम्ही स्लॅब संध्याकाळी टाकला, ओल्या गोणपाटावर प्लास्टिकचा कागद अंथरला, कडेनं विटा ठेवल्या म्हणजे वारा आत शिरू नये. आतलीच ओल आत राहिली. दिवसातून दोनदा कागद उचलून थोडंसं पाणी शिंपडायचं. ते काम आप्पांनी केलं. कमी पाण्यात हे जमतं, पण ते कुणीतरी सांगावं लागतं. दुष्काळी भागात घरकुलाचे हप्ते मिळतात तेव्हा हे सांगणारं माणूसही हप्त्यासोबत यायला हवं, जसा १९९४ साली आमच्याकडं तो विशीतला पोरगा आला होता.

पुण्यात सरकारी बांधकामांवर देखरेख करणारी माणसं घडवण्यासाठी १८५४ साली वर्ग सुरू झाला, त्याचंच पुढं इंजिनिअरिंग कॉलेज झालं. देखरेख करणाऱ्याला शिकवायची व्यवस्था इतकी जुनी. जो प्रत्यक्ष बांधतो त्याच्यासाठी आयटीआयमध्ये गवंडीकाम आहे, अलीकडं कौशल्याचे छोटे वर्गही निघाले आहेत. पण माझ्या पंचवीस वर्षांत साइटवर भेटलेल्या गवंड्यांपैकी शिकून आलेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे बिगारी म्हणून आले, बघून शिकले, आणि ज्याला बघितलं त्याच्या चुकाही उचलल्या. सकाळी आठ वाजता वारज्याच्या किंवा हडपसरच्या मजूर अड्ड्यावर उभं राहिलं तर हे दिसतं. "मिस्त्री पायजे का बिगारी?" एवढा एकच प्रश्न विचारला जातो. काय येतं, हे कुणी विचारत नाही.

आणि जो माणूस सहा महिन्यांनी कुठं असेल हे त्यालाच ठाऊक नाही, तो शिकेल कधी? १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला आणि तो मजुरांच्या कल्याणासाठी राखला. आपल्या राज्याचं बांधकाम कामगारांचं कल्याण मंडळ २०११ पासून आहे. नोंदणीसाठी वर्षातले नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मी अनेकांसाठी हा दाखला मागायला ठेकेदारांकडं गेलोय. ठेकेदाराला वाटतं, सही केली तर हा माणूस आपला कामगार ठरेल. नाक्यावरच्या माणसानं तर नव्वद दिवसांत चाळीस मालक पाहिलेले असतात. तो कुणाची सही आणणार?

कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे एका सोसायटीची संरक्षक भिंत पावसात खचली आणि खालच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. पंधरा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. बहुतेक बिहारचे. मी तेव्हा पलीकडच्याच भागात काम करत होतो. त्या सकाळी आमच्या साइटवर पहिल्यांदा मी मजुरांच्या खोल्या कुठं आहेत ते बघायला गेलो. त्या भरावाच्या उताराखाली होत्या. इतके महिने मी रोज कॉलमचा ओळंबा तपासत होतो आणि ज्यांनी तो धरला होता ती माणसं कशाखाली झोपतात ते पाहिलं नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही खोल्या हलवल्या. तेव्हापासून साइट सुरू करताना मी नकाशावर पहिली चौकट मजुरांच्या खोल्यांची काढतो.

नेपाळमधली एक गोष्ट मला फार धीर देते. तिथं भूकंप-सुरक्षेचं काम करणारी राष्ट्रीय संस्था निघाली तीही १९९३ सालीच. काठमांडूच्या खोऱ्यात त्यांनी शाळा मजबूत करायला घेतल्या आणि ते काम करताना गावच्याच गवंड्यांना शिकवलं. शाळेच्या भिंतीत ती बांधून ठेवणारा आडवा पट्टा कसा घालायचा हे शिकलेला गवंडी उद्या गावातल्या घरांतही तोच पट्टा घालील, हा हिशेब. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हादरला तेव्हा खोऱ्यातल्या त्या मजबूत केलेल्या शाळा उभ्या राहिल्या. आपल्यासारख्या देशांत बहुतेक घरं इंजिनिअरच्या नजरेखालून जातच नाहीत. ती गवंडी आणि घरमालक मिळून बांधतात. तिथं पोचायचं तर गवंड्याच्या हातातूनच पोचता येतं.

मी माझ्यापुरतं करतो ते थोडं आहे. रिंगेचा रेट टनातून काढून नगावर लावा, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो. दहातले तीन ऐकतात. शनिवारी पगाराआधी अर्धा तास सगळ्यांना बसवतो आणि एकच गोष्ट सांगतो. एका शनिवारी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी शटरला चिकटू नये म्हणून मधे ठेवायचे ठोकळे, एका शनिवारी पाणी. मिक्सरपाशी पंधरा लिटरवर रेघ मारलेल्या दोनच बादल्या ठेवतो, तिसरी उचलून नेतो.

गेल्या दिवाळीनंतर आप्पा पुण्याला आले होते. आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, हात थोडा थरथरतो. साइट बघायची म्हणाले. मालद्याचा तो फिटर सध्या माझ्याकडंच आहे. पाटावर रिंगा वळवत बसला होता, एकशे पस्तीस अंशांत, कारण मी समोर होतो. आप्पा त्याच्या शेजारी विटेवर बसले. आप्पांना हिंदी येत नाही, त्याला मराठी कळत नाही. आप्पांनी एक रिंग उचलली, आकड्यातून बोट फिरवलं. मग मला विचारलं, हे कशाला? मी सांगितलं, पापुद्रा निघाला तरी टोक पोटात अडकून राहावं म्हणून.

आप्पांनी रिंग खाली ठेवली. दोन्ही तळवे एकमेकांसमोर उभे धरले, मधे थोडी फट ठेवून. फिटरकडं बघत तळवे हलवले आणि एक आत, एक बाहेर असे पाडले. मग पुन्हा उभे केले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली आणि हलवली. तळवे पडले नाहीत. "किल्लारी," ते म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "म्या बांधली हुती. पडली." आणि मोकळे तळवे पुन्हा एकदा पाडून दाखवले.

फिटरनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही. तो बराच वेळ आप्पांच्या हातांकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःचे तळवे समोर धरले आणि बोटं गुंफून बघितली. पाटावरची रिंग उचलून आकड्यावर अंगठा दाबला.

आप्पा विटेवरून उठले आणि मिक्सरच्या दिशेनं चालू लागले. पाण्याची बादली कोणती, ते त्यांना बघायचं होतं.